पाखाडी, पार आणि दीपमाळ: गावच्या डागडुजीला कोणता चुना घ्यावा?

दिवाळी झाली की कोकणात गावोगावी तरुण मंडळी, सुट्टीवर आलेले चाकरमानी आणि गावातली जाणती माणसे मिळून जुन्या वास्तूंची डागडुजी हाती घेतात. देवळापुढची दीपमाळ, पाणवठ्याकडे उतरणारी पाखाडी म्हणजे दगडी पायवाट, वडाचा पार, बांधीव बाव म्हणजे विहीर, वेशीवरची घुमटी. यांतल्या बहुतेक वास्तूंची नोंद कुठल्या सरकारी यादीत नसते. गावाने सांभाळल्या तरच त्या राहतात, आणि स्वतःचा वेळ नि वर्गणी घालून हे काम करणाऱ्यांबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. म्हणूनच एक गोष्ट सलते. वर्गणी जमली की पहिली खरेदी बहुधा सिमेंटच्या गोणींची होते, आणि काही पावसाळ्यांनी जपायला घेतलेले जांभ्याचे चिरेच झिजायला लागतात.

हे परीक्षण बाजारात चुना म्हणून मिळणाऱ्या मालाचे आहे: चुनकळी (भाजलेल्या चुनखडकाचे गोळे), पिशवीतली चुन्याची फक्की, शिंपल्यांचा चुना आणि परदेशी एनएचएल (पाण्याखालीही धरणारा चुना). निकाल आधीच सांगतो. जांभ्याच्या साध्या बांधकामाला चुनकळी आणून स्वतः पाण्यात विरवलेला आणि सुरखी (भाजलेल्या मातीची भुकटी) घातलेला चुना सर्वांत चांगला. फक्की पारखून घेतली तर चालते. शिंपल्यांचा चुना गिलाव्याच्या शेवटच्या हातासाठी उत्तम. एनएचएल फक्त सतत ओल्या राहणाऱ्या जागी.

खरेदीआधी वास्तू कोणाच्या ताब्यात आहे ते तपासा. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग हे केंद्राचे संरक्षित किल्ले आहेत आणि २०२५ पासून मराठा लष्करी स्थापत्याच्या जागतिक वारसा नोंदीतही आहेत. तिथे स्वयंसेवकांनी दरजांना, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांना, हात लावायचा नाही. संरक्षित सीमेपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. खांदेरीसारखी राज्य संरक्षित स्मारके १९६० च्या राज्य कायद्याखाली येतात आणि तिथे पुरातत्त्व संचालनालयाची लेखी परवानगी हवी, झाडोरा काढायचा असला तरीसुद्धा. राज्य संरक्षित स्मारकाचे पालकत्व संस्थेला घेता यावे म्हणून महाराष्ट्र वैभव योजना आहे. पुढचे सगळे विवेचन यादीत नसलेल्या, गावाच्या किंवा देवस्थानाच्या मालकीच्या वास्तूंसाठी आहे. तिथेही ग्रामपंचायतीचा ठराव आणि देवस्थानाचे पत्र हाती असल्याशिवाय छिन्नी उचलू नये.

सिमेंट का नको, याचे कारण जांभ्यातच आहे. जांभा सच्छिद्र दगड आहे. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि पुढचे आठ महिने ते हळूहळू सोडतो. चुन्याच्या दरजा चिऱ्यापेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र असतात, म्हणून ओल त्यांच्या वाटेने निघून जाते. त्या जागी सिमेंट भरले की ती वाट बंद होते आणि पाणी चिऱ्याच्या तोंडातून बाहेर पडू लागते. पाण्यातले क्षार पृष्ठभागाच्या लगेच आत साकळतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि चिऱ्याचे पापुद्रे सुटतात. किनाऱ्यालगत हवेतच खार असल्याने हे आणखी लवकर होते. सिमेंटने भरलेली जुनी भिंत ओळखणे सोपे आहे: दरजांची जाळी पुढे आलेली आणि मधले चिरे आत खाल्लेले दिसतात. दरज पुन्हा भरता येते, जुना घडीव चिरा परत मिळत नाही. म्हणून झिजायचे काम दरजेने करायचे असते.

‘चुन्यात थोडे सिमेंट टाकू, लवकर धरेल’ असे गवंडी हमखास सुचवतो. हे टाळाच. मूठभर सिमेंटने दरज नीट घट्टही होत नाही आणि चुन्याची मोकळीकही जाते.

चुनकळी

रत्नागिरी-सिंधुदुर्गात बेसाल्ट आणि जांभा मुबलक, चुनखडक मात्र जवळजवळ नाही. त्यामुळे चुनकळी बाहेरून येते, मुख्यतः राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या कटनीकडची. मोठ्या गावांतले बांधकाम साहित्याचे किंवा रंगाचे व्यापारी मागवून देतात. चुनखडक साधारण ९०० अंशांवर भाजला की १०० किलोमागे ४४ किलो कर्बवायू उडून जातो, म्हणून नीट भाजलेली कळी आकाराच्या मानाने हलकी लागते. हातात जड वाटणारा गोळा आतून कच्चा असतो.

दुकानातच पारख करा. बादलीभर पाण्यात मुठीएवढा गोळा टाका. चांगली कळी काही मिनिटांत सुसाट आवाज करते, तडकते, पाणी उकळवते आणि लोण्यासारखी विरते. मधे दगडी गाठ उरली तर माल कच्चा. बराच वेळ काहीच झाले नाही आणि नंतर सावकाश विरू लागली तर माल जास्त भाजलेला, आणि तो अधिक धोक्याचा. असे कण भिंतीत गेल्यावर काही आठवड्यांनी विरतात, फुगतात आणि गिलाव्यावर शंकूसारखे खड्डे पाडतात. गोणीत गोळ्यांपेक्षा भुकटीच जास्त असेल तर हवेतल्या ओलीने कळी आधीच मेलेली आहे. कोकणच्या दमट हवेत हे फार लवकर होते, त्यामुळे कळी आणली की दोन-तीन दिवसांत विरवायची. टेम्पोवर ताडपत्री हवीच. वाटेत पाऊस लागला तर गोणी तापून पेटायची भीती असते.

विरवताना कळी पाण्यात टाकायची, कळीवर पाणी ओतायचे नाही. उलटे केले तर उकळता चुना तोंडावर उडतो. १० किलो कळीला २५ ते ३० लिटर गोडे पाणी घ्या. लोखंडी पिंप किंवा विटांचा हौद वापरा, प्लॅस्टिकचे पिंप उष्णतेने वाकते. थोडीथोडी कळी टाकत लांब दांड्याच्या फावड्याने ढवळत राहा. पाणी कमी पडले तर कळी करपते आणि गाठी होतात, फार जास्त झाले तर नीट तापत नाही आणि चुना रवाळ राहतो. उकळी थांबली की तो पातळ चुना बारीक जाळीतून दुसऱ्या हौदात गाळा. जाळीवर राहिलेले खडे फेकून द्यायचे, कुटून परत घालायचे नाहीत.

डोळ्यांवर पूर्ण बंद चष्मा, हातात रबरी मोजे, पायांत बूट. चुन्याचा सामू १२ च्या वर असतो आणि डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. शेजारी स्वच्छ पाण्याची भरलेली बादली ठेवा. चुना डोळ्यात गेलाच तर निदान पंधरा-वीस मिनिटे सलग धुऊन तडक दवाखाना गाठा. शाळेची मुले मोहिमेत असतात, त्यांना विरवण्याच्या जागेपासून दूर ठेवा. त्यांच्यासाठी वाळू चाळणे, नोंदी ठेवणे, फोटो काढणे अशी कामे भरपूर आहेत.

गाळलेला विरीचा चुना हौदात मुरत ठेवायचा, वर दोन-तीन इंच पाणी सतत हवे. दरजांसाठी निदान पंधरा दिवस, गिलाव्याच्या शेवटच्या हातासाठी तीन महिने. मुरतो तसे त्याचे कण बारीक होतात, चुना चिकट आणि लोळदार होतो आणि मळताना पाणी कमी लागते. पाणी कमी म्हणजे वाळताना भेगा कमी. त्यामुळे नियोजन असे बसते: दिवाळीनंतर कळी आणून विरवायची, डिसेंबर-जानेवारीत वापरायची. त्याहून चांगले म्हणजे यंदा पुढच्या वर्षापुरता चुना जास्तीचा विरवून ठेवायचा.

चुनकळीत उणीव इतकीच की तिला जागा, वेळ आणि एक जबाबदार माणूस लागतो. शनिवार-रविवारी येऊन सोमवारी मुंबईला परतणाऱ्या गटाने गावात हौद सांभाळणारे कोणी नसेल तर हिच्या वाटेला जाऊ नये.

पिशवीतली फक्की

ही कारखान्यात विरवून सुकवलेली भुकटी. उकळी नाही, भाजण्याचा धोका कमी, मोजमाप सोपे. नवख्या गटाने इथून सुरुवात केली तर आमची हरकत नाही, पण बाजारात या नावाखाली काहीही मिळते. पिशवीवर आयएस ७१२ हा मानक क्रमांक आणि वर्ग पाहा. ‘सी’ म्हणजे शुद्ध पांढरा चुना, ‘बी’ म्हणजे काहीसा पाण्यात धरणारा. उत्पादनाची तारीख तीन महिन्यांहून जुनी नको.

घरी चाचणी करा. चमचाभर फक्कीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका. जिवंत चुना मुकाट विरघळतो. जोरात फेस आला तर त्याचा पुन्हा चुनखडक झालेला आहे किंवा त्यात खडूची भेसळ आहे. असा माल दरजेत धरणार नाही.

कोकणात एक घोळ वारंवार होतो. आंबट जमिनीसाठी कृषी केंद्रात ‘शेतीचा चुना’ मिळतो, तो स्वस्त असतो म्हणून मंडळी तोच उचलतात. तो बहुतेक वेळा नुसता दळलेला चुनखडक किंवा डोलोमाइट असतो. जमिनीला उत्तम, बांधकामात त्याला धरण शून्य. कोळंबीच्या तळ्यांसाठीचा चुनाही तसाच पारखल्याशिवाय घेऊ नये.

चांगली फक्कीसुद्धा कोरडी वाळूत मिसळू नका. आधी पाण्यात कालवून दह्याइतकी दाट करा आणि निदान एक रात्र, जमले तर आठवडाभर, वर पाणी ठेवून मुरवा. एवढे केले तरी ती कळीच्या चुन्याइतकी लोळदार होत नाही. दरजांना पुरेशी आहे, गिलाव्याला आम्ही ती सुचवणार नाही.

शिंपल्यांचा चुना

चुनखडक नसलेल्या किनाऱ्यावर जुन्या बांधकामांत कालवे, तिसऱ्या, खुबे यांच्या शिंपल्या भाजून केलेला चुना सापडतो. जुन्या गिलाव्याच्या तुकड्यात अर्धवट जळलेल्या शिंपलीची चकती दिसली तर समजा इथे हाच चुना होता, आणि दुरुस्तीलाही तोच शोधण्यासारखा आहे. हा शुद्ध, पांढराशुभ्र आणि फार बारीक असतो. तुळशीवृंदावन किंवा दीपमाळेच्या शेवटच्या गुळगुळीत हाताला याची सर कशाला नाही. अडचण एकच, पण मोठी: भाजण्यापूर्वी शिंपल्या गोड्या पाण्याने नीट धुतल्या नसतील तर मीठ चुन्यात उतरते आणि भिंतीवर खार फुटतो. थोडा चुना पाण्यात ढवळून वरची निवळी गाळा आणि त्यात स्वच्छ काडी बुडवून आरशाच्या तुकड्यावर वाळवा. दाणेदार स्फटिक उरले तर माल परत करा. चव बघू नका, तोंड भाजते. पुरवठा तुटपुंजा असल्याने मोठ्या कामाचा भरवसा यावर ठेवता येत नाही.

एनएचएल

नैसर्गिकरीत्या मातीमिश्र असलेल्या चुनखडकापासून केलेला हा चुना पाण्याखालीही धरतो. २, ३.५ आणि ५ अशा प्रती मिळतात. जांभ्याला ३.५ च्या वर जाऊ नका. ५ ची प्रत मऊ चिऱ्याला जड जाते आणि सिमेंटचेच दुखणे सौम्य रूपात परत येते. पिशवीवर ‘एनएचएल’ हीच अक्षरे हवीत. ‘एचएल’ किंवा ‘एफएल’ असेल तर त्यात सिमेंट असू शकते. दर्जात हा माल एकसारखा आणि निर्दोष आहे, पण परदेशातून येत असल्याने कळीच्या कित्येक पट महाग. बावीच्या पाण्यालगतच्या पायऱ्या, तळीचा काठ, भरतीचे पाणी लागणारा धक्का, एवढ्यापुरताच घ्यावा. सबंध दीपमाळेवर तो ओतणे म्हणजे वर्गणीचा गैरवापर आहे.

सुरखी आणि वाळू

चारही प्रकारांपेक्षा निर्णायक गोष्ट म्हणजे चुन्यात काय मिसळता. शुद्ध चुना हवेतला कर्बवायू घेऊन धरतो, आणि छिद्रे पाण्याने भरलेली असली की तो वायू आत पोचतच नाही. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा नुसत्या चुन्यावर विसंबता येत नाही. भाजलेल्या मातीची भुकटी, म्हणजे सुरखी, चुन्याशी ओलाव्यातच संयोग पावते आणि दरज पाऊस सोसते. पडक्या घरांच्या गावठी नळ्यांचे, म्हणजे गोल कौलांचे, तुकडे यासाठी फार चांगले, कारण ते मंद आचेवर भाजलेले असतात. काळपट, काचेसारखी झालेली झामा वीट कामाची नाही. कुटून मैद्यासारखी बारीक करा, जाड राहिली तर ती नुसती वाळूचे काम करते. कौलावरचा रंग आणि शेवाळ आधी खरवडून काढा.

वाळू टोकदार, जाड-बारीक मिसळीची हवी. खाडीची असेल तर तीन-चार वेळा गोड्या पाण्यात धुवा. बाटलीत वाळू आणि पाणी हलवून ठेवले की वर गाळाचा थर बसतो. तो वाळूच्या बाराव्या हिश्शाहून जाड असेल तर धुतल्याशिवाय वापरू नका. रंग जुळावा म्हणून चिरेखाणीतली लाल माती मिसळायचा मोह आवरा. त्यात चिकणमाती असते आणि वाळताना दरज चिरते. रंगासाठी सुरखी पुरे.

प्रमाण आकारमानाने: १ विरीचा चुना, १ सुरखी, २ वाळू. आडोशाच्या कोरड्या जागी १ चुना, ३ वाळू चालते. हे प्रमाण आपल्या वाळूला जमते का ते पाहायला एक लिटरच्या मापात कोरडी वाळू काठोकाठ भरा आणि मापून पाणी ओता. जितके पाणी मावले तितका चुना त्या वाळूला लागतो, बहुधा एक तृतीयांशाच्या जवळपास.

गूळ, बेलफळाचे पाणी, हिरडा यांचे मळणीत जुने स्थान आहे, आणि बेताने घातले तर लोळ येतो. पण गुळाने धरायला वेळ लागतो. १०० किलो चुन्याला २ किलोच्या वर गेलात तर बुरशी आणि मुंग्या येतात. नवख्या गटाने पहिल्या कामात हे काहीच घालू नये. मळणी मात्र भरपूर हवी. चुना मळायची घाणी नसेल तर लाकडी मुसळाने कुटा. पाणी ओतून सैल करण्यापेक्षा कुटून सैल केलेला चुना कितीतरी सरस.

किती घ्यावा

लोक गरजेच्या कितीतरी पट माल आणतात. चिऱ्याची दर्शनी बाजू साधारण ३५ बाय २० सेंटिमीटर, दरज २ सेंटिमीटर रुंद आणि ४ सेंटिमीटर खोल धरली, तर एका चौरस मीटरला सुमारे साडेपाच लिटर मळलेला चुना लागतो. १० चौरस मीटरला नासधूस धरून ६५ लिटर. त्यासाठी २२ लिटर विरीचा चुना, २२ लिटर सुरखी आणि ४४ लिटर वाळू. एक किलो चांगली कळी विरून दोन लिटरच्या वर होते, म्हणजे कळी लागली जेमतेम १० ते १२ किलो. कळीचा खर्च या कामात सर्वांत कमी असतो. पैसा चाळण्या, पहाड (परांची) आणि चांगल्या गवंड्याच्या मजुरीवर राखून ठेवा.

लावताना काय बिघडते

जुनी दरज छिन्नी-हातोड्याने काढा, ब्रेकरने चिऱ्याच्या कडा फुटतात. खोली रुंदीच्या दुप्पट हवी. वरवर लिंपलेला चुना पहिल्याच पावसात गळतो. पिंपळ-उंबराची मुळे ओढून काढू नका, चिरेही सोबत येतात. खोड कापून मूळ मरू द्या, मग मोकळे झालेले काढा. दरज झाडून ओली करा, पण पाणी साचलेले नको. कोरडा जांभा चुन्यातले पाणी क्षणात शोषतो आणि दरज भुसभुशीत राहते. पंधरा-वीस मिलिमीटरच्या थरांनी दाबून भरा. अंगठ्याने ठसा उमटतो पण चुना बोटाला चिकटत नाही, अशा वेळी ताठ ब्रशने ठोका, म्हणजे भेगा मिटतात. दरज चिऱ्याच्या पातळीत किंवा किंचित आत ठेवा, बाहेर उचललेली पट्टी काढू नका.

त्यानंतर निदान आठवडाभर ओले गोणपाट टांगून दिवसातून दोन-तीन वेळा शिंपडायचे. बहुतेक मोहिमा इथेच फसतात, कारण रविवार संपतो आणि मंडळी निघून जातात. शिंपडायला गावातले माणूस नेमल्याशिवाय काम सुरूच करू नका. नोव्हेंबर ते जानेवारी हा उत्तम काळ, फेब्रुवारीनंतर नवी दरज भरू नये. पावसाआधी कडेचा छोटा तुकडा तोडून त्यावर शाळेच्या प्रयोगशाळेतले फिनॉल्फ्थॅलिन टाका. गुलाबी झाला तेवढा भाग अजून हवेने धरलेला नाही. अर्ध्याहून अधिक खोली गुलाबी असेल तर पहिल्या पावसाळ्यात वरून झापे किंवा ताडपत्री बांधा.

गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, चुना लावू नका. तो सुका रचलेला असतो आणि पाणी त्याच्या फटींतूनच वाहून जायला हवे. दरजा भरल्या की पावसात मागच्या पाण्याचा दाब येऊन गडगा पोटातून फुगतो. वीरगळ आणि सतीशिळांनाही चुना, तेल, रंग काहीच नको, मऊ ब्रश आणि साधे पाणी पुरे. दीपमाळेला रंग द्यायचाच असेल तर ऑइलपेंट नव्हे, दुधाइतका पातळ केलेला विरीचा चुना तीन-चार हात द्या, प्रत्येक हातामध्ये एक दिवस सोडून. चिकटावा म्हणून त्यात मीठ घालायची पद्धत किनाऱ्यावर पाळू नये.

उरलेला विरीचा चुना टाकून देऊ नका. आता तो थंड झालेला असल्याने झाकणाच्या प्लॅस्टिक पिंपात चालतो. वर चार बोटे पाणी ठेवा, पिंपावर विरवल्याची तारीख लिहा आणि देवळाच्या पडवीत सावलीला ठेवा. पावसाळ्यात दोनदा पाण्याची पातळी बघितली की झाले. शेजारच्या वाडीला काम काढायचे असेल तर त्यांना नव्या कळीपेक्षा यातला अर्धा चुना द्या, तो जास्त चांगला मुरलेला असेल.